वैमानिक प्रशिक्षण संस्थेची निवड: शुल्कपत्रकाआधी उड्डाणतासांचा हिशेब मागावा

बारावी विज्ञान शाखेचा निकाल लागला की कोल्हापुरात वैमानिक प्रशिक्षणाच्या जाहिराती दिसू लागतात, हॉटेलांच्या सभागृहांत मार्गदर्शन मेळावे भरतात आणि पालकांच्या हातात गुळगुळीत कागदावरची माहितीपत्रके येतात. त्यांवर विमानांची संख्या, वसतिगृहाची छायाचित्रे, एकूण शुल्क आणि प्रशिक्षणाचा कालावधी ‘१० ते १२ महिने’ असे ठळक छापलेले असते. माझी मुलगी सध्या महाराष्ट्रातील एका संस्थेत व्यावसायिक वैमानिक परवान्यासाठी, म्हणजे सर्वांच्या तोंडी असलेल्या सीपीएलसाठी, प्रशिक्षण घेत असून ते आता शेवटच्या टप्प्यात आहे. तिच्यासाठी संस्था निवडताना आम्ही ज्या संस्था प्रत्यक्ष जाऊन पाहिल्या आणि निवडलेल्या संस्थेत जो अनुभव आला, त्यावरून माझे मत पक्के झाले आहे की या सेवेत आपण पैसे मोजतो ते उड्डाणतासांचे. संस्था एका विद्यार्थ्याला दरमहा प्रत्यक्षात किती तास देते, हे कळल्याशिवाय माहितीपत्रकावरील दुसऱ्या कोणत्याही आकड्यावरून निर्णय घेऊ नये.

पाहिलेल्या संस्थांची नावे मी येथे देत नाही. मुख्य प्रशिक्षक बदलला, दोन-तीन विमाने दुरुस्तीला गेली किंवा एकदम मोठी तुकडी भरती झाली, तर एकाच संस्थेचा अनुभव वर्षभरात उलटा होतो. त्यामुळे आज केलेली स्तुती किंवा तक्रार पुढच्या वर्षी जाणाऱ्या मुलाला लागू पडेलच असे नाही. संस्था तपासण्याची रीत मात्र तीच राहते आणि तीच मला सविस्तर मांडायची आहे.

संस्थेकडे वळण्याआधी वैद्यकीय तपासणी उरकावी, हे सर्वप्रथम सांगतो. डीजीसीएच्या, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाच्या नियमांनुसार आधी क्लास टू आणि त्यानंतर क्लास वन अशी तपासणी होते, आणि व्यावसायिक परवान्यासाठी क्लास वनचे प्रमाणपत्र लागते. काही संस्था क्लास टू झाल्याबरोबर प्रवेश देऊन पहिला हप्ता घेतात. नंतर क्लास वनमध्ये रंगदृष्टीचा, श्रवणाचा किंवा हृदयाचा प्रश्न निघाला तर भरलेली रक्कम परत मिळवणे फार कठीण जाते. क्लास वनच्या तपासणीची वेळ मिळायला उशीर लागतो हे खरे आहे, तरीही तो निकाल हातात आल्याशिवाय मोठी रक्कम भरू नये.

दुसरी तयारी लेखी परीक्षांची आहे. एअर नेव्हिगेशन, हवामानशास्त्र, एअर रेग्युलेशन्स आणि टेक्निकल या विषयांच्या डीजीसीए परीक्षांत प्रत्येकी ७० टक्के गुण मिळवावे लागतात आणि रेडिओवरील संभाषणासाठीची आरटीआर ही परीक्षा वेगळी असते. माझ्या मुलीने पुण्यात राहून बहुतेक पेपर आधी दिले आणि त्याचा फायदा पुढे स्पष्ट दिसला. तिच्या तुकडीतील ज्या मुलांचे पेपर राहिले होते, त्यांना दर काही आठवड्यांनी उड्डाण थांबवून अभ्यासाला बसावे लागे, आणि परत आल्यावर हात बसवण्यासाठी पहिले काही तास खर्ची पडत. ते तास अर्थातच विद्यार्थ्याच्या खात्यातून जातात.

आता मूळ मुद्द्याकडे येतो. सीपीएलसाठी किमान २०० तासांचे उड्डाण लागते. त्यांपैकी किमान १०० तास विद्यार्थ्याने पायलट-इन-कमांड म्हणून, म्हणजे विमानाची पूर्ण जबाबदारी स्वतःकडे घेऊन केलेले असावे लागतात. क्रॉस-कंट्रीचे, म्हणजे आपला विमानतळ सोडून दूरच्या ठिकाणी केलेल्या उड्डाणांचे, किमान २० तास असावेत आणि त्यांत किमान ३०० नॉटिकल मैलांचे एक उड्डाण असावे, ज्यात दोन वेगवेगळ्या विमानतळांवर उतरून पूर्ण थांबलेले असावे. केवळ उपकरणांच्या आधारे केलेले १० तास आणि रात्रीचे ५ तास, त्यांत दहा उड्डाणे व दहा अवतरणे, हेही त्याच हिशेबात येते. या यादीत पालकांच्या नजरेतून हमखास निसटणारी अट मुदतीची आहे. अर्ज करण्याच्या तारखेपूर्वीच्या सहा महिन्यांत पायलट-इन-कमांड म्हणून किमान १५ तास झालेले असावे लागतात, आणि शेवटी होणाऱ्या कौशल्य चाचण्यांनाही अशीच मुदत असते. प्रशिक्षण रेंगाळले तर आधी केलेल्या गोष्टींची मुदत संपते, त्या पुन्हा कराव्या लागतात आणि त्यांचा खर्च विद्यार्थ्याच्या माथी येतो. म्हणून संस्थेची संथ गती ही केवळ गैरसोय राहत नाही, ती शुल्कात भर घालते.

‘१० ते १२ महिने’ हा दावा तपासायला साधा गुणाकार-भागाकार पुरतो. एखाद्या संस्थेकडे कागदावर १० विमाने आहेत आणि त्यांपैकी ७ उडण्यायोग्य आहेत असे धरू. प्रत्येक विमान दिवसाला सरासरी ५ तास आणि महिन्यात २० दिवस उडले, तर महिन्याचे ७०० तास होतात. संस्थेत ७० विद्यार्थी असतील तर प्रत्येकाच्या वाट्याला १० तास येतील आणि २०० तास व्हायला २० महिने लागतील. वर्षभरात पूर्ण करायचे असेल तर महिन्याला सुमारे १७ तास मिळायला हवेत, म्हणजे त्याच विमानांवर चाळीसच्या आसपासच विद्यार्थी असायला हवेत. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण कोणत्याही संस्थेत जाऊन त्यांच्या जागी तेथील खरे आकडे घालता येतात. विमाने किती आहेत हे संस्था आनंदाने सांगते. विद्यार्थी किती आहेत हे विचारले की उत्तर लांबू लागते, असे मला एकाहून अधिक ठिकाणी दिसले.

माझे उद्यमनगरात मशिन शॉप आहे. नवा ग्राहक आमच्याकडे येतो तेव्हा तो लेथ किती आहेत हे मोजत बसत नाही. त्यांपैकी चालू किती आहेत आणि बंद असलेले कशामुळे व किती दिवसांपासून बंद आहेत, हे विचारतो. प्रशिक्षण संस्थेचे हँगर मी त्याच नजरेने पाहिले. एका संस्थेच्या संकेतस्थळावर मोठा ताफा दाखवला होता, पण प्रत्यक्षात त्यांतील एका सेसना १७२ च्या चाकांखालच्या ठोकळ्यांभोवती गवत वाढलेले होते आणि पुढचे आवरण काढून इंजिनाची जागा ताडपत्रीने झाकलेली होती. शेजारच्या दुसऱ्या विमानाच्या काही भागांवर वेगळ्या विमानाच्या नोंदणी क्रमांकाच्या चिठ्ठ्या होत्या, म्हणजे एका विमानाचे भाग काढून दुसरे चालते ठेवले जात होते. योग्य नोंदी ठेवून असे करणे नियमबाह्य नाही, पण सुट्या भागांसाठी संस्थेकडे पैसा किंवा नियोजन कमी पडत असल्याची ती खूण आहे. अशी विमाने संख्येत धरली जातात आणि तासांत मात्र कुठेच दिसत नाहीत.

निवडलेल्या संस्थेत आम्हाला इचलकरंजीकडचे एक एएमई भेटले. विमानाची देखभाल करून ते उडण्यायोग्य असल्याची सही हेच लोक करतात. चहा घेताना त्यांनी सांगितले, “काका, विमानं किती ते विचारू नका. मागच्या महिन्यात सगळी मिळून किती तास उडाली आणि पोरं किती आहेत, एवढंच विचारा.” त्यांच्याकडूनच कळले की प्रशिक्षण विमानाला ५० व १०० तासांच्या टप्प्यांवर तपासणी लागते आणि सेसना १७२ मध्ये असलेल्या लायकमिंग इंजिनाचे सर्वसाधारणपणे २००० तासांनंतर पूर्ण ओव्हरहॉल करावे लागते. जे विमान भरपूर उडते ते महिना-सव्वा महिन्यात १०० तासांच्या तपासणीला येते. ही कामे त्याच आवारात होतात की विमान दुसऱ्या शहरात पाठवावे लागते, यावर ते दोन दिवसांत परत मिळणार की तीन आठवड्यांनी, हे ठरते. इंधनाचाही प्रश्न विचारून घ्यावा. सेसनासारख्या विमानांना एव्हगॅस १०० एलएल लागते. ते पूर्वी आयात करावे लागत असे आणि सप्टेंबर २०२२ मध्ये इंडियन ऑइलने देशी उत्पादन बाजारात आणले. डिझेल पद्धतीचे इंजिन असलेली डायमंड डीए-४० विमाने जेट इंधनावर चालतात. संस्थेचा एव्हगॅसचा साठा किती दिवस पुरतो, या प्रश्नाचे उत्तर तत्काळ मिळाले पाहिजे.

सर्वांत जास्त माहिती मला डिस्पॅचच्या, म्हणजे रोजच्या उड्डाणांचे वेळापत्रक आखणाऱ्या खोलीतील फलकावरून मिळाली, आणि तो फलक वाचायला कोणाची परवानगीही लागली नाही. विमान, विद्यार्थी, प्रशिक्षक, वेळ आणि शेरा असे त्याचे रकाने असतात आणि रद्द झालेल्या सोर्टीवर, म्हणजे ठरलेल्या एका उड्डाणावर, लाल रेघ मारून शेऱ्यात कारण लिहिलेले असते. ‘हवामान’ हे कारण वारंवार दिसले तर मी ते संस्थेच्या बाजूने धरतो, कारण वारा किंवा दृश्यमानता मर्यादेबाहेर गेली की विद्यार्थ्याला जमिनीवर ठेवणारी संस्था आपले काम नीट करत आहे. ‘स्नॅग’, म्हणजे तांत्रिक बिघाड, हे कारण त्याच त्या विमानापुढे पुन्हा पुन्हा दिसले तर चौकशी करावी. ‘प्रशिक्षक नाही’ हा शेरा दिवसात दोन-तीनदा दिसला तर तेथून परत फिरावे, असे माझे मत आहे. आम्ही पाहिलेल्या एका ठिकाणी असा फलकच नव्हता. कोणाची सोर्टी कधी, हे फोनवरून ऐनवेळी कळवले जात असे आणि मुले गणवेश घालून सकाळपासून बाकावर बसून होती.

जागेचा विचार कोल्हापूरकरांनी विशेष करावा, कारण पाऊस म्हणजे काय हे आपल्याला सांगावे लागत नाही. राजाराम महाराजांच्या कारकिर्दीत उभ्या राहिलेल्या आपल्या उजळाईवाडीच्या विमानतळावरून आज प्रवासी विमाने ये-जा करतात, आणि जून ते सप्टेंबर या काळात ढगांमुळे वेळापत्रक कसे कोलमडते हे आपण पाहतो. लहान प्रशिक्षण विमानाला तर मोठ्या विमानाहून कितीतरी चांगले हवामान लागते. बारामती पर्जन्यछायेच्या पट्ट्यात असल्याने तेथे पावसाळ्यातही बरेच दिवस उडता येते, पण जून-जुलैचा जोरदार वारा विद्यार्थ्याच्या मर्यादेबाहेर गेला की सोलो, म्हणजे एकट्याने करायची, उड्डाणे थांबतात. गोंदियात पावसाळा जोरदार असतो. केंद्र सरकारची इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी उत्तर प्रदेशात फुरसतगंज येथे आहे. तिचा नावलौकिक मोठा आहे आणि प्रवेशपरीक्षेतून तेथे जागा मिळवणे ही अभिमानाची गोष्ट आहे, पण उत्तरेकडे डिसेंबर-जानेवारीत धुके दाट पडते आणि सकाळचे तास त्यात जातात. संस्था पाहायला बहुतेक पालक मार्च ते मे या काळात जातात. तेव्हा आकाश निरभ्र असते आणि सगळ्याच संस्था उत्तम चाललेल्या दिसतात. माझा आग्रह आहे की एक भेट जुलै किंवा ऑगस्टमध्ये द्यावी आणि त्या महिन्यात एका विद्यार्थ्याला सरासरी किती तास मिळाले, ते लॉगबुक पाहूनच समजून घ्यावे. तेथील विद्यार्थी आपले लॉगबुक मोकळेपणाने दाखवतात.

अंतराचा मुद्दा मी फारसा महत्त्वाचा मानत नाही. बेळगाव आपल्याला दोन-अडीच तासांवर आहे आणि भारतीय विमानतळ प्राधिकरणाने २०२१ मध्ये ज्या पाच विमानतळांवर प्रशिक्षण संस्थांना जागा दिल्या त्यांत जळगाव, कलबुर्गी, खजुराहो व लीलाबारीबरोबर बेळगावही आहे. गोंदियाला जायला महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापूरहून थेट आहे, जरी प्रवास एका दिवसाहून अधिक असला तरी. मूल सुट्टीत घरी किती लवकर पोहोचते यावरून संस्था निवडणे योग्य नाही. महत्त्वाचा आहे तो विमानतळाचा प्रकार. उड्डाणाची वेळ विमान स्वतःच्या शक्तीने हलल्यापासून ते पूर्ण थांबेपर्यंत मोजली जाते. त्यामुळे वर्दळीच्या विमानतळावर प्रवासी विमानांसाठी धावपट्टीबाहेर थांबलेली मिनिटेही तासांत धरली जातात आणि त्यांचे पैसे भरावे लागतात. उलट जेथे नियंत्रण मनोरा नाही अशा धावपट्टीवर सोर्टी पटापट होतात, पण मनोऱ्याशी रेडिओवर बोलण्याचा सराव कमी पडतो. या दोहोंचा मेळ बसवणारी संस्था उत्तम, म्हणजे सुरुवातीची सर्किट्स (धावपट्टीभोवती फेरी मारून पुन्हा उतरण्याचा सराव) शांत धावपट्टीवर आणि पुढची क्रॉस-कंट्री उड्डाणे नियंत्रित विमानतळांवर.

प्रशिक्षकांच्या बाबतीत संख्या आणि त्यांचा टिकाव या दोन्ही गोष्टी पाहाव्यात. अनेक तरुण प्रशिक्षक स्वतःचे तास वाढवून एअरलाइनमध्ये जाण्याच्या तयारीत असतात आणि तसे करण्यात काहीही गैर नाही. पण एअरलाइनची भरती निघाली की एकाच महिन्यात दोन-तीन प्रशिक्षक जातात आणि संपूर्ण वेळापत्रक विस्कटते. म्हणून मुख्य प्रशिक्षक, म्हणजे सीएफआय, किती वर्षांपासून त्याच संस्थेत आहेत हे विचारावे. शक्य झाल्यास उड्डाणानंतरचे डिब्रीफिंग पाहावे. निवडलेल्या संस्थेत प्रशिक्षकांच्या परवानगीने मला मागच्या खुर्चीवर बसता आले. एक विद्यार्थी सर्किट्स करून आला होता आणि त्याचे विमान उतरताना जरा जोरात आदळत होते. प्रशिक्षकांनी चूक लगेच सांगितली नाही. त्यांनी कोऱ्या कागदावर धावपट्टी काढली, पेन त्याच्या हातात दिले आणि शेवटच्या क्षणी नजर नेमकी कुठे होती तिथे फुली मारायला सांगितले. त्याने धावपट्टीच्या अलीकडच्या टोकाशी फुली मारली. प्रशिक्षकांनी पलीकडच्या टोकापर्यंत एक रेघ ओढली आणि जमिनीजवळ आल्यावर नजर तिकडे गेली की उंचीचा अंदाज कसा सुधारतो, हे समजावले. मग त्याच्याकडून ते पुन्हा वदवून घेतले आणि प्रशिक्षण नोंदवहीत दोन ओळी लिहिल्या. दुसऱ्या एका संस्थेत मात्र पुढचा विद्यार्थी पट्टा बांधत असताना पंखावरच नोंदवहीवर सही होत होती. दोन्हीकडे तासाचा दर जवळपास सारखाच होता. शिकवण्यातील हा फरक पाहूनच आमचा निर्णय झाला.

सुरक्षिततेबद्दल कोणतीही संस्था ‘आमच्याकडे काही काळजी नाही’ असेच म्हणणार, म्हणून कागदपत्रांकडे वळावे. डीजीसीएने १ ऑक्टोबर २०२५ पासून प्रशिक्षण संस्थांची श्रेणीवारी सुरू केली असून ती वर्षातून दोनदा, एप्रिल व ऑक्टोबरमध्ये, जाहीर व्हायची आहे. कामगिरी, प्रत्यक्ष कामकाज, सुरक्षितता, नियमपालन आणि विद्यार्थ्यांना मिळणारे साहाय्य असे तिचे निकष आहेत. पहिल्या श्रेणीवारीत एकाही संस्थेला वरची ‘ए’ गटातील श्रेणी मिळाली नाही. सर्व संस्था ‘बी’ आणि ‘सी’ श्रेणींत होत्या. पालकांनी ही गोष्ट गांभीर्याने घ्यावी आणि सध्याची श्रेणी काय आहे हे संस्थेच्या तोंडून न ऐकता डीजीसीएच्या संकेतस्थळावर पाहावे. ऑक्टोबर २०२३ मध्ये बारामती परिसरात काही दिवसांच्या अंतराने प्रशिक्षण विमानांचे अपघात झाले आणि त्यानंतर डीजीसीएने संबंधित संस्थेचे उड्डाण प्रशिक्षण थांबवले होते. असे आदेश निघतात तेव्हा त्या संस्थेतील सर्वच मुलांचे प्रशिक्षण अडते, म्हणून सुरक्षिततेचा प्रश्न आपल्या पैशांचा आणि मुलाच्या वर्षाचाही प्रश्न असतो. तास न उडता लॉगबुकमध्ये भरून देण्याची तयारी कोणी दाखवलीच, तर त्या दारातून तत्काळ बाहेर पडावे. २०११ मध्ये बनावट गुणपत्रिकांवर परवाने मिळवलेल्या वैमानिकांना अटक झाली होती, हे पालकांनी लक्षात ठेवावे. त्याहून गंभीर बाब ही की न उडलेला तास उद्या खराब हवामानात त्या मुलाच्या आणि त्याच्या मागे बसलेल्या प्रवाशांच्या कामी येणार नाही.

पैशांबद्दल थोडक्यात लिहितो. देशात सीपीएलचा खर्च आज साधारणपणे ५० लाखांच्या घरात आणि काही ठिकाणी त्याहून बराच जास्त आहे. एअरलाइनशी जोडलेल्या कॅडेट योजनांमध्ये सर्व मिळून तो एक कोटीच्याही वर जाऊ शकतो. आकड्यापेक्षा तो भरण्याची पद्धत महत्त्वाची आहे. एका संस्थेने प्रवेशाच्या वेळीच जवळजवळ संपूर्ण रक्कम मागितली आणि ठरलेल्या मुदतीत तास पूर्ण झाले नाहीत तर काय, हे लिहून देण्यास नकार दिला. तेथून आम्ही परतलो. हप्ते तारखांना न बांधता तासांना बांधून घ्यावेत. म्हणजे पहिले ४० तास झाल्यावर पुढचा हप्ता, अशा रीतीने. वसतिगृह, मेस, परीक्षा शुल्क, हेडसेट, चाचणी उड्डाणे, विमानतळ बदलला तर राहण्याचा खर्च आणि २०० च्या वर लागणाऱ्या तासांचा दर हे सगळे आधीच लेखी घ्यावे, कारण फार थोडी मुले नेमक्या २०० तासांत पूर्ण करतात. सप्टेंबर २०२४ मधील ५४ व्या बैठकीत जीएसटी परिषदेने डीजीसीए-मान्य संस्थांच्या मान्यताप्राप्त उड्डाण अभ्यासक्रमांना जीएसटीतून सूट असल्याचे स्पष्ट करण्याची शिफारस केली होती. अंदाजपत्रकात जीएसटीची ओळ दिसली तर ती कशावर लावली आहे, हे जरूर विचारावे. शैक्षणिक कर्जासाठी बँका एवढ्या रकमेला बहुधा तारण मागतात, त्यामुळे घराची कागदपत्रे वेळेत तयार ठेवावीत. महाज्योती या राज्य शासनाच्या संस्थेने इतर मागासवर्ग, भटक्या व विमुक्त जाती-जमाती आणि विशेष मागास प्रवर्गातील विद्यार्थ्यांसाठी सीपीएल प्रशिक्षणाची योजना राबवली आहे. पात्र कुटुंबांनी तिची सद्यःस्थिती पाहूनच खासगी संस्थेकडे जावे. ग्रामीण भागातील हुशार मुलांपर्यंत ही माहिती पोहोचत नाही, याचे मला फार वाईट वाटते.

परदेशात, विशेषतः अमेरिका, दक्षिण आफ्रिका किंवा न्यूझीलंडमध्ये, तास लवकर पूर्ण होतात हे खरे आहे. परंतु परत आल्यावर भारतीय परवान्यासाठी डीजीसीएचे पेपर व येथील चाचणी उड्डाणे करावीच लागतात, आणि त्यासाठी पुन्हा एखाद्या भारतीय संस्थेच्या रांगेत उभे राहावे लागते. त्या रूपांतराचा वेळ आणि खर्च धरूनच तुलना करावी.

निवडलेल्या संस्थेबद्दल माझे एकूण मत समाधानाचे आहे. पहिल्या दीडशे तासांपर्यंत मुलीला दरमहा ठरल्याप्रमाणे तास मिळाले. झालेले तास, शिल्लक रक्कम आणि रद्द झालेल्या सोर्टींची कारणे यांचे विवरण दर महिन्याला आम्हाला येत राहिले. एकदा क्रॉसविंड, म्हणजे धावपट्टीला आडवा वारा, वाढल्याने तिचे सोलो क्रॉस-कंट्री लागोपाठ रद्द झाले तेव्हा ती वैतागून फोनवर म्हणाली, “बाबा, मी तयार आहे, तरी सोडत नाहीत.” मला मात्र त्या दिवशी आपण मुलीला योग्य माणसांच्या हाती दिले आहे याची खात्री पटली. त्रुटी शेवटच्या टप्प्यात आहेत आणि त्या लहान नाहीत. रात्रीच्या उड्डाणांसाठी आठवड्यातील मोजकेच दिवस ठेवलेले असल्याने तेथे मुलांची रांग लागते. दुहेरी इंजिनाचे विमान एकच आहे आणि ते सुट्या भागासाठी दीर्घकाळ जमिनीवर राहिल्याने एकेरी इंजिनाचे तास पूर्ण केलेली मुले नुसती खोळंबून राहिली. या काळात वर सांगितलेली सहा महिन्यांची मुदत ओलांडू नये म्हणून काहींना जादा तास स्वखर्चाने उडावे लागले. संस्थेने त्या तासांच्या दरात सवलत दिली, परंतु दुहेरी इंजिनाच्या दुसऱ्या विमानाची सोय त्यांनी आधीच करायला हवी होती. मेसचे जेवण पोटभर आणि स्वच्छ असते, याहून त्याबद्दल विशेष सांगण्यासारखे नाही. शिकवण्याची शिस्त, देखभाल आणि हिशेबातील पारदर्शकता यांसाठी मी या संस्थेची कोणालाही शिफारस करीन. मात्र दुहेरी इंजिनाचे विमान एकच असलेल्या कोणत्याही संस्थेत, ते बंद पडल्यास विद्यार्थ्याला कोठे आणि किती दिवसांत पाठवणार, हे करारात लिहून घ्यावे.

शेवटी खर्चाचा एक टप्पा असा आहे जो कोणत्याही संस्थेच्या शुल्कपत्रकात नसतो. सीपीएल हातात आला म्हणजे नोकरी मिळाली असे होत नाही. एअरबस ए-३२० सारख्या विमानाचे टाइप रेटिंग, म्हणजे त्या विशिष्ट प्रकारचे विमान चालवण्याची पात्रता, वेगळे करावे लागते, त्याचा खर्च साधारण १२ ते २० लाखांच्या दरम्यान येतो, आणि एअरलाइन्सची भरती कधी जोरात तर कधी थंड असते. भरती थंड असताना स्वतःच्या खर्चाने टाइप रेटिंग करून बसलेल्यांचा सराव तुटतो आणि पुन्हा सिम्युलेटरसाठी पैसे भरावे लागतात. आम्ही ती रक्कम कर्जात न धरता वेगळी ठेवली आहे, आणि कोणत्या एअरलाइनमध्ये कोणते विमान मिळणार याचे पत्र आल्याखेरीज तिला हात लावायचा नाही, असे मुलीनेच ठरवले आहे.